पेपर केंद्रावरच छापायचा, तर प्रिंटरच्या सेटिंग्ज कोण बघणार?

जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात लातूरचं नाव देशभरच्या चॅनलवर होतं. चांगल्या कारणासाठी नाही. नीट परीक्षेच्या प्रकरणात नांदेडच्या एटीएस पथकाने दोन जिल्हा परिषद शिक्षकांना ताब्यात घेतलं, लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. पैसे घेऊन गुण वाढवून देण्याचं आमिष दाखवल्याचा आरोप होता, मोबाइलमध्ये विद्यार्थ्यांची हॉल तिकिटं सापडल्याचं सांगितलं गेलं. मी तेव्हा पुण्यात ऑफिसात होतो. टीममधल्या एकाने सहज विचारलं, "तुमच्याकडेच फुटला ना रे पेपर?" मी नांदेडचा, आमच्या गल्लीतली निम्मी पोरं लातूरला अकरावी-बारावी करून आलेली. उत्तर द्यायला जड गेलं.

पण तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर पेपर लातूरला फुटलाच नव्हता. सीबीआयच्या तपासात जे बाहेर आलं त्यानुसार तो फुटला झारखंडमधल्या हजारीबागच्या एका शाळेत. ५ मे २०२४, परीक्षा दुपारी २ वाजता. बँकेच्या लॉकरमधून पेट्या सकाळी शाळेच्या कंट्रोल रूममध्ये आल्या. आरोपीला त्या खोलीत जाऊ दिलं गेलं, त्याने हत्यारं वापरून पेटी मागच्या बिजागरीकडून उघडली, पानांचे फोटो काढले आणि पेटी होती तशी बंद केली. गंमत म्हणजे पेटीला वेळेवर आपोआप उघडणारं डिजिटल कुलूप होतं. कुलपाला कुणी हातच लावला नाही.

ही बिजागरी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे सगळं परत काढायचं कारण. ४ मे २०२५ ला पुढची नीट होती. ती जुन्या पद्धतीनेच, म्हणजे पेन आणि ओएमआर शीटवर, एका दिवसात एका सत्रात होणार हे एनटीएने त्या वर्षीच्या जानेवारीत जाहीर केलं होतं. पण इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीने दिलेल्या १०१ शिफारशी डिसेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक झाल्या, आणि त्यातली एक शिफारस आपल्याकडच्या शाळा-कॉलेजांवर थेट येऊन पडणार आहे. जिथे पूर्ण परीक्षा कॉम्प्युटरवर घेणं शक्य नाही, तिथे प्रश्नपत्रिका पेटीतून न पाठवता एन्क्रिप्ट करून नेटवरून पाठवायची आणि परीक्षेच्या थोडं आधी केंद्रावरच छापायची. पेटी नाही, ट्रक नाही, बँकेचं लॉकर नाही.

बातम्यांमध्ये 'एन्क्रिप्शन' शब्दावर सगळे थांबले. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. एन्क्रिप्ट केलेली फाइल कुणालाच वाचता येत नाही हे खरं, पण विद्यार्थ्यालाही ती वाचता येत नाही. कुठेतरी ती उघडावी लागणार, आणि उघडल्यानंतर ती जाणार एका प्रिंटरमध्ये. तो प्रिंटर कुणाचा, कुठल्या नेटवर्कवर, कुठल्या सेटिंगवर?

नवीन काहीच नाही यात

असं नाही की हा प्रयोग पहिल्यांदा होतोय. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये पेपर ऑनलाइन येतो आणि प्रत्येक प्रतीवर त्या कॉलेजची खूण छापलेली असते, ही पद्धत कितीतरी वर्षं चालू आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात याला एसआरपीडी म्हणतात. २०१८ मध्ये सीबीएसईचे दहावीचा गणित आणि बारावीचा अर्थशास्त्राचा पेपर फुटल्यावर त्यांनीही पुरवणी परीक्षेला काही शे केंद्रांवर एन्क्रिप्टेड पेपर पाठवून तिथेच छापून बघितले. म्हणजे ज्याने गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बीए, बीकॉम किंवा इंजिनिअरिंग केलंय, त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात कॉलेजच्याच प्रिंटरवर निघालेला, अजून गरम असलेला पेपर आलेला आहे.

मग नीटसाठी वेगळं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे दावा किती मोठा आहे. सेमिस्टरचा एक पेपर आणि डॉक्टर होण्याची एकमेव संधी यात फरक आहे, त्यामुळे फोडणाऱ्याला मिळणारा पैसाही वेगळा आहे. दुसरं म्हणजे संख्या. २०२४ ला ४,७५० केंद्रं होती आणि २३ लाखांवर मुलं परीक्षेला बसली. सरासरी काढली तर एका केंद्रावर साधारण ४९० मुलं.

हिशोब सोपा करू. एका वर्गात २४ मुलं, असे २० वर्ग, म्हणजे ४८० मुलं. प्रश्नपत्रिका २४ पानांची धरा. ४८० गुणिले २४ म्हणजे ११,५२० पानं. आपल्या शाळा-कॉलेजांच्या ऑफिसात जे मशीन असतं ते मिनिटाला ४० पानं काढत असेल तर चांगलं म्हणायचं. त्या वेगाने एका मशीनला २८८ मिनिटं लागतील, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. मध्ये एकदाही कागद अडकला नाही तर.

आता सुरक्षेच्या बाजूने बघा. नीटला दुपारी १:३० ला गेट बंद होतं. त्यानंतर बाहेरचं कुणी आत नाही, आतलं कुणी बाहेर नाही. म्हणजे फाइल उघडायची किल्ली १:३० नंतर पाठवली तर पेपर बाहेर गेला तरी त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण ज्याला उत्तरं पाठ करायची तो आधीच वर्गात बसलाय. पण मग छापायला मिळतात ३० मिनिटं, त्यातली १० वाटायला धरा. उरली २०. ११,५२० पानं २० मिनिटांत म्हणजे मिनिटाला ५७६ पानं. मिनिटाला १०० पानं काढणारी सहा मोठी मशीनं एका केंद्राला. ४,७५० केंद्रांना २८,५०० मशीनं, एका दिवसासाठी. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी आणि इंग्रजी दोन्हीत प्रश्न लागतात, त्याची जास्तीची पानं मी यात धरलेलीच नाहीत.

एवढी मशीनं नसतील तर काय होईल? किल्ली आधी द्यावी लागेल. १२ वाजता, ११ वाजता, किंवा सकाळी ८ ला. आणि सकाळी ८ ला किल्ली दिली की आपण परत हजारीबागच्या कंट्रोल रूममध्ये उभे. फक्त पेटीच्या जागी पीडीएफ.

म्हणून मला वाटतं या योजनेत सगळ्यात मोठी सुरक्षा सेटिंग कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, ती आहे मिनिटाला किती पानं. हा आकडा निविदेत काय लिहिला जातो, तिथे लक्ष ठेवा.

एका कॉलेजातली गोष्ट

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आलो होतो. माझा मावसभाऊ नांदेड-लातूर पट्ट्यातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण हे कुठेही होऊ शकलं असतं. त्याचा फोन, "दादा, प्रिंट देताना पीसी लई हँग होतंय, जरा बघतो का येऊन?" गेलो. परीक्षा विभागाचा पीसी, त्याला नेटवर्कवरचं एक मोठं मशीन जोडलेलं. सी ड्राइव्ह भरत आलेला.

विंडोजमध्ये कुठलीही प्रिंट दिली की फाइल आधी स्पूलरकडे जाते. स्पूलर म्हणजे प्रिंटरच्या दारातला रांग लावणारा माणूस. तो सगळ्यांच्या फाइल्स आपल्या एका फोल्डरमध्ये घेतो, एकेक पुढे सोडतो आणि छापून झाली की फाइल पुसून टाकतो. त्या पीसीवर तो पुसत नव्हता. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नावाच्या टॅबवर 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी एक चौकट असते. कुणीतरी कधीतरी तिथे टिक केली होती. रांग उघडली तर मागच्या दोन सेमिस्टरचे पेपर नावासकट ओळीने उभे. कुठल्याही नावावर राइट क्लिक करून रीस्टार्ट म्हटलं की तीच प्रश्नपत्रिका परत निघाली असती, पासवर्ड न विचारता.

विद्यापीठाने पाठवलेल्या फाइलला पासवर्ड होता. तो परीक्षेच्या वेळेलाच येत होता. कुलूप बरोबर होतं. बिजागरी इथे होती.

ऑफिसातल्या मामांना विचारलं, ही टिक कुणी केली? ते म्हणाले, "सर, मागं एकदा कागद फसला अन् पेपर कमी पडले. तवा मशीनवाल्या पोरानं करून दिलं, म्हणला आता परत काढता येतंय." म्हणजे कुणाचाही वाईट हेतू नव्हता. पेपर कमी पडले की वर्गात गोंधळ, केंद्रप्रमुखाची बोलणी. त्यावरचा हा उपाय होता, आणि चालत होता. मला हा भाग जास्त काळजीचा वाटतो. चोर शोधता येतो. सोयीसाठी केलेली टिक कुणी शोधत नाही.

सेटिंग्ज कुठल्या कुठल्या

ज्यांच्या शाळेत, कॉलेजात किंवा ऑफिसात असं मशीन आहे त्यांनी हा भाग जरा सावकाश वाचा.

स्पूलरचं वर आलंच. लिनक्स वापरत असाल तर तिथे कप्स नावाची व्यवस्था असते आणि ती छापलेल्या फाइल्स नेहमीच्या सेटिंगला एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद, ठेवून देते. 'प्रिझर्व्ह जॉब फाइल्स' ही ओळ 'नो' करायची, संपलं. सप्टेंबर २०२४ मध्ये याच कप्समध्ये बाहेरून घुसता येईल अशा चुका सापडल्या होत्या, ६३१ नंबरच्या पोर्टवरून. विंडोजवाल्यांनी हसू नये. २०२१ च्या जुलैमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टला घाईघाईने अपडेट काढावी लागली होती, कारण स्पूलर विंडोजमध्ये सगळ्यात वरच्या अधिकाराने चालतो आणि त्याच्यातूनच आख्खा कॉम्प्युटर ताब्यात घेता येत होता. पेपरकट हे मोठ्या संस्थांमधलं नावाजलेलं प्रिंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर, त्याच्यावरही एप्रिल २०२३ मध्ये हल्ले झाले. अपडेट मार्चमध्येच आली होती, लोकांनी टाकली नव्हती.

मग परवानग्या. विंडोजमध्ये प्रिंटरला तीन पातळ्या असतात: फक्त प्रिंट देता येणं, रांगेतल्या फाइल्स हाताळता येणं, आणि प्रिंटरच हाताळता येणं. नव्या प्रिंटरला 'एव्हरीवन' या गटाला पहिली पातळी आपोआप मिळते, म्हणजे नेटवर्कवर शेअर केला की कुणीही प्रिंट देऊ शकतो. परीक्षेच्या मशीनवर हा गट काढूनच टाका. एक खातं छापणाऱ्याचं, एक खातं सेटिंग बदलणाऱ्याचं, आणि ही दोन माणसं वेगळी. आपल्याकडे होतं काय, सगळे एकाच अ‍ॅडमिन खात्याने लॉगिन करतात, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मग लॉगमध्ये काहीही लिहिलेलं असू दे, माणूस कोण ते कळतच नाही.

लॉगवरून आठवलं. विंडोज कुणी, कुठल्या कॉम्प्युटरवरून, किती पानं छापली याची नोंद ठेवू शकतं, पण ती नोंद आधीपासून बंद असते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रिंट सर्व्हिसच्या खाली 'ऑपरेशनल' नावाचा लॉग आहे, तो मुद्दाम चालू करावा लागतो. मग प्रत्येक छापलेल्या फाइलची ३०७ नंबरची नोंद पडते. त्यात फाइलचं खरं नाव यावं असं वाटत असेल तर आणखी एक पॉलिसी चालू करायची, नाहीतर सगळीकडे नुसतं 'प्रिंट डॉक्युमेंट' दिसतं.

नेटवर्कचा मुद्दा लोकांना पटवणं अवघड जातं. बहुतेक प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर जे येईल ते छापतात, कोण पाठवतंय ते विचारत नाहीत, आणि पाठवलेली फाइल तारेवरून उघडीच जाते. त्याच नेटवर्कवर बसलेल्या हुशार पोराला ती मधल्यामध्ये पकडता येते. कॉम्प्युटर लॅबचं नेटवर्क आणि परीक्षा विभागाचं नेटवर्क एकच असणं आपल्याकडे किती कॉमन आहे, ते तुम्हालाच माहीत. प्रिंटर आणि पीसीमधलं बोलणं एन्क्रिप्ट करायची सोय असते, आयपीपीएस नावाने, पण मी तर म्हणतो लहान केंद्र असेल तर नेटवर्कच नको. यूएसबी केबल लावा. मोठ्या केंद्राला सहा मशीनं लागणार असतील तर एक वेगळा स्विच, त्याला फक्त तो पीसी आणि ती सहा मशीनं, बाकी कुठेही जोडणी नाही. दोन-तीन हजारांत स्विच येतो.

आणि प्रिंटरचं वायफाय. मोबाइलवर वायफाय शोधताना 'डायरेक्ट' शब्दाने सुरू होणारं, पुढे प्रिंटरच्या कंपनीचं नाव असलेलं काही दिसतं का बघा. तो प्रिंटर स्वतःचं वेगळं वायफाय सोडतोय, तुमच्या राउटरशी त्याचा संबंध नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ते पहिल्या दिवसापासून चालू असतं. बंद करा. प्रिंटरच्या आयपी अ‍ॅड्रेसवर ब्राउझरने गेलं की जे पान उघडतं, त्याचा पासवर्डही बहुतेक ठिकाणी कंपनीने दिला तसाच, किंवा रिकामा असतो.

पिनचं सांगतो, कारण प्रत्येक मीटिंगमध्ये कुणीतरी "सिक्युअर प्रिंट आहे ना" म्हणून विषय संपवतो. सिक्युअर प्रिंट म्हणजे फाइल मशीनमध्ये थांबून राहते, मशीनपाशी जाऊन पिन दाबला की निघते. चांगली सोय आहे, ऑफिसात पगाराची स्लिप ट्रेमध्ये पडून राहत नाही. पण फाइल थांबते कुठे? मशीनच्या डिस्कवर किंवा मेमरीत. म्हणजे पेपर आधीच येऊन मशीनमध्ये बसलेला आहे. पिनचा उपयोग करायचाच तर निम्मे आकडे केंद्रप्रमुखाकडे आणि निम्मे बाहेरून आलेल्या निरीक्षकाकडे असावेत, दोघं उभे राहिल्याशिवाय मशीन सुरू होऊ नये. बँकेच्या लॉकरसारखं.

डिस्क आणि जुनी मशीनं

२८,५०० मशीनं नवी कुणी घेणार नाही. भाड्याने घेतली जातील, जिल्ह्यातल्याच झेरॉक्स मशीनवाल्यांकडून. नांदेडला, लातूरला झेरॉक्सच्या दुकानांत जी मोठी मशीनं दिसतात त्यातली बरीच रिकंडिशन, परदेशातल्या ऑफिसांनी वापरून काढून टाकलेली. मशीन वाईट असतं असं नाही, दणकट असतात. पण अशा बऱ्याच मोठ्या मशीनच्या आत हार्ड डिस्क असते आणि छापलेलं, स्कॅन केलेलं तिच्यावर काही काळ राहू शकतं.

अमेरिकेत २०१० मध्ये सीबीएस वाहिनीने जुनी कॉपियर मशीनं विकत घेऊन त्यांच्या डिस्क वाचल्या, तर रुग्णांची माहिती निघाली. ती माहिती ज्या विमा संस्थेची होती, तिला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरच्या वर दंड भरावा लागला. त्यांनी मशीनं भाड्याने घेऊन, वापर झाल्यावर डिस्क न पुसता परत केली होती. आपली योजना नेमकी तशीच आहे: भाड्याने आणा, पेपर छापा, संध्याकाळी परत.

चांगल्या मशीनमध्ये दोन सेटिंग्ज मिळतात. डिस्क एन्क्रिप्शन, आणि 'इमेज ओव्हरराइट', म्हणजे प्रत्येक कामानंतर डिस्कवरच्या जागेवर दुसरंच काहीतरी लिहून टाकणं. ओव्हरराइट चालू केल्यावर काही मशीनं थोडी मंदावतात, म्हणून दुकानदार ती बंद ठेवतात. परीक्षा संपल्यावर पेपर तसाही सार्वजनिक होतो, मग डिस्कवर राहिला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. नीटपुरतं ते बरोबर आहे. पण त्याच मशीनवर दुसऱ्या दिवशी कॉलेजचा न झालेला पेपर, प्रवेशाची कागदपत्रं, आधारच्या झेरॉक्स निघणार आहेत.

अडकलेलं पान

मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते, आणि हे कुठल्याच अहवालाच्या बातमीत वाचलं नाही.

मे महिना, मराठवाडा, ४२ डिग्री. कागदाचा गठ्ठा गोदामात पडून वाकडा झालेला. कागद अडकणारच. आता मशीन काय करतं? बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये 'जॅम रिकव्हरी' नावाची सेटिंग असते. ती चालू असेल तर अडकलेलं पान मशीन मेमरीतून परत छापतं. म्हणजे एक पान अडकलं, ऑपरेटरने ओढून काढलं, आणि त्याची दुसरी प्रत मशीनने स्वतःहून दिली. स्पूलरच्या हिशोबात पान एकच. हातात दोन, एक चुरगळलेलं. चुरगळलेलं पान खिशात जातं.

रिकव्हरी बंद ठेवली तर ते पान कमी पडतं आणि ऑपरेटरला हाताने परत प्रिंट द्यावी लागते, पण मग त्याची नोंद लॉगमध्ये पडते. वेळ जातो, हिशोब राहतो. मी दुसरा पर्याय घेईन.

आणि मीटर. प्रत्येक मशीनमध्ये आयुष्यभर किती पानं काढली याचा आकडा असतो, झेरॉक्सवाले भाड्याचं बिल त्याच्यावरच काढतात. छपाईआधी आणि नंतर हा आकडा दोन सह्यांनी लिहून घ्यायचा, लाइटच्या मीटरसारखा. ११,५२० पानं व्हायला हवी होती आणि मीटर ११,५६३ ने पुढे गेलं असेल, तर जास्तीची ४३ पानं टेबलावर दिसली पाहिजेत, फाटकी का असेनात. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

पानावर खूण असेल तर आणखी सोपं. डिजिटल छपाईचा खरा फायदा इथेच आहे आणि तो मोठा आहे, हे मान्य करायला हवं. छापखान्यात लाखो प्रती सारख्या निघतात, इथे प्रत्येक पानावर त्या मुलाचा रोल नंबर फिकट अक्षरांत मागे छापता येतो. २०२४ मध्ये पाटण्यात अर्धवट जळालेले पेपरचे तुकडे सापडले आणि त्यावरच्या क्रमांकावरूनच तपास हजारीबागच्या त्या शाळेपर्यंत पोचला. जळक्या कागदावर एक नंबर होता म्हणून. (काही जण विचारतील, रंगीत प्रिंटर पानावर न दिसणारे पिवळे ठिपके टाकतात, त्याचं काय? ते रंगीत लेझरमध्ये असतात. पेपर काळ्या-पांढऱ्यात निघणार, तिथे ते नाहीत.)

विजेचं थोडक्यात. लेझर प्रिंटर गरम होताना हजार वॉटच्या पुढे ओढतो. कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर तो लावला की यूपीएस बसतो. लाइट १:४० ला गेली तर जनरेटर लागणार, आणि मधल्या दोन मिनिटांत अर्धवट राहिलेली कामं परत सुरू करताना कुठून सुरू करायची हे कुणाला तरी माहीत असलं पाहिजे.

जबाबदारी कुणाची

२१ जून २०२४ पासून पेपरफुटीविरोधी केंद्रीय कायदा लागू आहे. तीन ते पाच वर्षं शिक्षा, संघटित गुन्हा असेल तर पाच ते दहा, आणि दंड एक कोटीपर्यंत किंवा वर. सेवा पुरवणाऱ्या कंपन्याही त्यात येतात. उद्या केंद्रावर छपाई सुरू झाली की मशीन भाड्याने देणारा दुकानदार, त्याचा १२ हजार पगारावरचा ऑपरेटर आणि लॅब असिस्टंट हे सगळे या साखळीत येऊन उभे राहतील. पेपर फुटला तर पहिला हात त्यांच्यावर पडेल. त्यांना ट्रेनिंग काय असेल? आत्ताचा अनुभव सांगतो: व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ.

तोपर्यंत आपण काय करतोय? दरवर्षी दहावी-बारावीला केंद्राच्या १०० मीटरमधली झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो. २०२५ मध्ये लातूर विभागीय मंडळाच्या हद्दीत, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवला, तेच चालू होतं. २१ फेब्रुवारी २०२५ ला दहावीच्या पहिल्याच दिवशी जालना जिल्ह्यात मराठीच्या पेपरची उत्तरं झेरॉक्सवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या, मंडळाने पेपर फुटलाच नसल्याचं सांगितलं. खरं-खोटं ठरवणं तपासाचं काम. पण रस्त्यावरचं झेरॉक्स मशीन बंद करून शाळेच्या आतलं मशीन मात्र कुठल्या सेटिंगवर आहे हे कुणीच बघत नसेल, तर त्या १०० मीटरचा अर्थ काय?

माझं मत विचाराल तर केंद्रावर छापणं हे पेटीपेक्षा बरंच आहे, पण एका अटीवर: किल्ली गेट बंद झाल्यावरच पाठवायची, आणि त्या वेळेत छापून होईल एवढी मशीनं आधी द्यायची. हे जमत नसेल तर पेटीच राहू द्या आणि कंट्रोल रूमला पहारा वाढवा. मधला मार्ग, म्हणजे सकाळी किल्ली आणि दोन मशीनं, सगळ्यात वाईट. कॉम्प्युटरवर परीक्षा हा तिसरा रस्ता आहेच. एमएचटी-सीईटी आपली पोरं देतातच तशी. पण २३ लाख मुलं अनेक सत्रांत बसवली की गुणांच्या नॉर्मलायझेशनचं भांडण सुरू होतं, आणि तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या कॉलेजात मी टिक काढली, फोल्डर रिकामं केलं, लॉग चालू करून दिला. मावसभावाला विचारलं, आता कागद अडकला तर काय करणार? तो म्हणाला, "दादा, पाच प्रती जास्त काढून ठेवतो आधीच." मी विचारलं, त्या पाच उरल्या तर जातात कुठे?

त्याने टेबलाखालच्या रद्दीच्या खोक्याकडे बघितलं.